वीतभर कमी पडलेलं कपाट

मित्रांनो, काल मला भंगारात विकलं. हे वाक्य विसरून जा. तसं काही घडलेलंच नाही, असं वाचनालय समितीच्या तातडीच्या सभेत आज एकमताने ठरलं आहे. सभा माझ्याच भोवती उभ्याने झाली.

मी विक्रोळीतल्या एका चाळीच्या वाचनालयातलं जुनं सागवानी कपाट आहे. गिरणीत असताना गुणाजीआजोबांनी मला लेकीच्या लग्नात द्यायला बनवून घेतलं. सासरच्या जिन्यातून मी वर जाईना. नवरी गेली, मी टेम्पोतून परत आलो. मग आजोबांनी मला गणेश मंडळाच्या खोलीत ठेवलं, पोटात पुस्तकं भरली आणि बाहेर 'वाचनालय' अशी पाटी लावली. तेव्हा वाचनालय म्हणजे मीच.

पुढचा विस्तार बाप्पाने केला. आमची मूर्ती दरवर्षी उंच होते, म्हणून छप्पर उचलायचं. विसर्जनानंतर वर जागा उरते, तिथे फळी ठोकायची. दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं असल्याने आम्ही फक्त वर वाढलो. सगळ्यात जुनी पुस्तकं सगळ्यात वर गेली. शिडी होती, पण शेजारच्या मंडळाने ती लायटिंगला नेली आणि आता ती त्यांचीच आहे म्हणतात.

मग दहीहंडीचं पथक कामाला आलं. कुणी वरचं पुस्तक मागितलं की ग्रंथपाल सुगंधाताई गॅलरीतून ओरडायच्या, "ए सर्वेश, या रे, एक कादंबरी उतरवायचीय!" माझ्या डोक्यावर सर्वेश, त्याच्या खांद्यावर नितेश, त्याच्या खांद्यावर सगळ्यात हलकी गार्गी. 'शांतता राखा' ही पाटी आम्ही तेवढ्यापुरती उलटी करायचो. टाळ्या गार्गीला मिळायच्या. मला साधं पॉलिशही नाही.

काल अध्यक्ष देवदत्तकाका म्हणाले, "हे डबडं काढा, स्टीलची रॅक आलीय." डबडं! आणि नंतर बसवलेल्या बुटक्या दारातून मी निघेना. जन्माचाच त्रास. तर त्यांनी करवत आणली आणि माझे चारही पाय वीतभर कापले. मित्रांनो, पायांवरून करवत फिरत असताना काका फोनवर वडापावची ऑर्डर देत होते. मी अजून सावरलेलो नाही.

आज गार्गी धावत आली. जिच्या लग्नातून मी परत आलो, तिचीच ही मुलगी. "ताई, आजोबांचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. त्यांना ते समुद्री वादळांचं पुस्तक ऐकायचंय. म्हणतायत, 'ता आयकल्याशिवाय मी खंय जावचंय नाय!'"

माझ्या पोटात ठेवलेलं ते पहिलं पुस्तक. आता सगळ्यात वरच्या फळीवर.

सर्वेश स्टीलच्या रॅकवर चढला. रॅक शांतपणे खाली बसली. मग सगळे पळाले आणि मला भंगारवाल्याकडून उचलून घेऊन आले. थर लागले. गार्गीने हात वर केला. वीतभर कमी.

"टाचा उचल गं!" सर्वेश कण्हला.

"दादा, मी टाचांवरच आहे!"

सगळ्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं. "ह्याचे पाय कुठेयत?" सुगंधाताईंनी विचारलं.

देवदत्तकाकांनी घसा साफ केला. "कॅरमला लावलेत. बोर्ड हलत होता."

तळमजल्यावर चाळीची कॅरम फायनल चालू आहे. नितेश खाली जाऊन "बोर्ड उचलू का?" एवढंच म्हणाला.

"येडा झालास काय रे? राणी घेतलीय, कव्हर बाकी आहे!" खेळणारे ओरडले.

तो परत आला. गार्गी वाट बघत माझ्याच डोक्यावर बसली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूवर करवत चालवण्याआधी एकदा वर पाहत जा. तिच्या डोक्यावर कोण उभं राहणार आहे, ते बघा.

सबब, गुणाजीआजोबांचे ऑपरेशन उद्या सकाळी असल्याने, सदर फायनल तात्काळ स्थगित करून अर्जदाराचे चारही पाय परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती. राणीला कव्हर मागाहून देता येईल.