खांबावरच्या माणसासाठी

वैशाखातल्या त्या दुपारी वरकुट्याच्या आमच्या गच्चीवर ऊन असं कोसळत होतं की फरशी पांढरी दिसावी. आणि त्या शुभ्र दाहात, निळसर पॅनेलांच्या रांगेत गुडघे टेकून, माझी थोरली बहीण सुनंदाअक्का पान्याने शेवटचा बोल्ट आवळत होती. बारामतीच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे एमआयडीसीत चार वर्षं काढून तिने घरोघरी सोलर बसवायचं काम धरलं, आणि स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं छत आमचंच होतं.

खाली येऊन तिने कळ दाबली. पंखा फिरू लागला. जमलेल्या भावकीला ती समजावत होती, की पॅनेलात उन्हाची वीज होते, इन्व्हर्टर तिला घरच्या विजेसारखी करतो, आणि घराचं भागून उरलेली मीटरमधून खांबाकडे जाते.

‘खांबाकडे’ हा शब्द ऐकून आबा बाजेवरून उठले. आमचे वडील जन्मभर लाइनमन होते. त्यांचे जोडीदार नामदेवकाका शॉक लागून खांबावरच गेले होते. लाइन बंद होती, पण कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारेत आली होती. आबांनी त्याविषयी बोलणं केव्हाच सोडलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं,

“लाइन बंद हाय, माणूस खांबावर हाय. तवा तुजी वीज कुठं जाईल?”

अक्काने खांबाकडून येणाऱ्या लाइनचा मेन स्विच खाली ओढला. त्याच क्षणी पंखा मंदावत थांबला. एवढं ऊन असून अंधार, असं कुणीतरी हसत म्हणालं. तिने शांतपणे सांगितलं, की लाइन गेल्याचं ओळखून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. आपली थोडी गैरसोय होते, ती खांबावरच्या माणसासाठी मुद्दाम ठेवलेली आहे. मग इन्व्हर्टरमधून निघणारी तार उघडी करून तिने टेस्टर आबांच्या हातात दिला.

“तुमीच बघा, आबा.”

आबांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा टेस्टर तारेला टेकवून तसाच धरला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

“माजा माणूस घरी जाईल,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी लेकीच्या घामेजल्या, ग्रीस लागलेल्या कपाळावर तळहात ठेवला. त्यानंतर भवानीनगरच्या बाजारात भेटेल त्याला ते थांबवून सांगत, की गच्चीवरचं ते काम माझ्या पोरीनं केलंय.

आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. अक्काने इंदापूरपर्यंत कितीतरी छतं उजळली, आणि प्रत्येक घरी ती टेस्टर आधी तिथल्या वडीलधाऱ्याच्या हाती देते. तिला पाहताना मला वाटतं, काळ माणसाचा आवाज नेतो, चेहराही हळूहळू पुसट करतो. पण माणसाने परक्या जिवासाठी वाहिलेली काळजी काळाला नेता येत नाही, ती लेकीच्या हातांची सवय होऊन राहते.