पन्नासाव्या किलोमीटरचा थांबा

एकोणीस वर्षं मी ट्रकवाल्यांना फोनवरून पिटाळलं. कुठे पोहोचलास, कधी पोहोचतोस, कारण नको, वेळ सांग. हेच मी झोपेतही बडबडते, असं नवरा सांगतो. ड्रायव्हर मला पाठीमागे घड्याळबाई म्हणायचे. पाठीमागे कसलं, फोन खाली ठेवायच्या आधीच म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं नाही. काम माझं वेळेचं होतं आणि ते मी चोख करत होते.

ऑफिसच्या भिंतीवर हा भला मोठा नकाशा होता आणि प्रत्येक गाडीची एक टाचणी. बंदरापासून खाणीच्या गावापर्यंत चारशे बारा किलोमीटर, मध्ये दोन घाट, एक टोलनाका, एक अरुंद पूल. मला झोपेतून उठवून विचारा, सगळं तोंडपाठ. पण त्यातल्या एकाही गावचं पाणी मी प्यायले नव्हते. एकदा एका ड्रायव्हरने घाटमाथ्यावरून फोन केला आणि म्हणाला, ताई, काय सांगू, ढग खाली आहेत आणि मी वर उभा आहे. मी म्हटलं, कारण नको, वेळ सांग. फोन ठेवला, त्याची टाचणी बोटभर पुढे सरकवली, आणि मला स्वतःचाच असा संताप आला की दुपारचा डबा तसाच परत घरी नेला.

त्याच महिन्यात मी अवजड गाडीच्या शिकवणीला नाव घातलं. आठ महिने दर रविवारी. वय सत्तेचाळीस, आणि वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझा. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना तीन खुणेचे शंकू आडवे केले, त्यातला एक चाकाखाली अडकून आमच्याबरोबर गेटपर्यंत आला. परीक्षकाने नापास केलं ते बरोबरच केलं. दुसऱ्या वेळी पास झाले. नवरा गणिताचा मास्तर, त्याने लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाला, चला, आता घरात रेडिओ मला हव्या त्या आवाजात लावता येईल. संध्याकाळी मात्र स्वतः दुकानात येऊन मला न घसरणारे बूट घेऊन दिले, आणि दुकानदाराला तीनदा सांगितलं की ही ट्रक चालवणार आहे.

मालक आधी हसले. लायसन्स टेबलावर ठेवलं तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, लांबच्या फेरीवर गाडीत दोघं असतात, एक चालवतो आणि दुसरा मागच्या बिछान्यावर झोप काढतो. हंकाकांचा जोडीदार निवृत्त झालाय. त्यांच्याबरोबर एक फेरी करा. ते हो म्हणाले तर तुम्ही त्यांच्या जोडीला, नाही म्हणाले तर विषय संपला. आणि ऑफिसातली खुर्ची राखून ठेवता येणार नाही, हे आधीच सांगतो. मी म्हटलं, नका ठेवू. ती खुर्ची माझ्या नणंदेला दिली, कारण मीच तिला दोन वर्षं हाताखाली तयार केलं होतं. म्हणजे परतीचे दोर मी माझ्याच हातांनी कापले, आणि तेही हसत हसत.

आता हंकाका. वय साठीच्या आत-बाहेर. काहीही विचारा, उत्तर 'हं'. म्हणून हे नाव. सगळ्या आयुष्यात ते एकदाच लांब वाक्य बोलले असं ड्रायव्हर सांगतात, आणि ते असं, की ज्याच्या हातात गाडी देऊन मला झोप लागेल तोच ड्रायव्हर. नवशिक्याच्या गाडीत ते डोळा मिटत नाहीत. पाच जणांना त्यांनी असंच ताठ बसून परत आणलं होतं, आणि पाचही जण आता दुसरीकडे नोकरी करतात.

त्यात माझी आणखी एक पंचाईत होती. अकरा वर्षांपूर्वी हेच हंकाका दीड तास उशिरा पोहोचले होते. वाटेत मालाचे पट्टे आवळायला दोनदा थांबलो, एवढंच कारण दिलं. मी त्यांच्या कागदावर लाल शाईने शेरा मारला होता, 'विनाकारण थांबा'. त्यांनी कागद वाचला, 'हं' म्हणाले आणि गेले. मी विसरले होते. फेरीच्या आदल्या दिवशी आठवलं.

पण सकाळी गाडी पाहिली आणि सगळं विसरले. निळी केबिन, मागे लांबलचक उघडा ट्रेलर, त्यावर एका नव्या शाळेची दोनशे चाळीस बाकं रचलेली, वरून ताडपत्री आणि त्यावर आठ पट्टे. तीन पायऱ्या चढून सीटवर बसले तर सीट फुस्स करून माझ्यासकट खाली गेली आणि परत वर आली. मी मोठ्याने हसले. हंकाका हसले नाहीत. ते आदल्या संध्याकाळीच तीन दिवसांच्या फेरीवरून आले होते, डोळे लालबुंद. सीटमागे बिछाना होता, उशी होती, पडदा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या सीटवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि समोर बघायला लागले.

आठला सुटायचं होतं. गेटवरच्या माणसाला एक कागद सापडेना, त्यात वीस मिनिटं गेली. मग निघालो. काय सांगू, अहो, त्या उंचीवरून शहर वेगळंच दिसतं. आयुष्यभर ज्या भिंतींच्या बाजूने चालले त्यांच्या पलीकडे काय आहे ते दिसलं. एका भिंतीमागे टेनिसचं मैदान होतं, एकीमागे कोणीतरी कपडे वाळत घालत होतं, आणि कारखान्यामागे चक्क तळं. गाड्यांची टपं माझ्या गुडघ्यांखालून जात होती. गिअर बदलला की अख्खी गाडी एक श्वास घ्यायची आणि पुढे व्हायची. मी एकटीच बडबडत होते. हंकाका दर पाच मिनिटांनी आरशात बघत होते.

पंचेचाळिसाव्या किलोमीटरला फोन वाजला. फोन समोर खाचेत बसवलेला, बटण दाबलं की आवाज अख्ख्या केबिनभर. नणंद. नव्या खुर्चीवर बसून तिला मजा येत होती.

"वहिनी, कुठे पोहोचलीस?"

मी सांगितलं, आणि गेटवरच्या माणसाबद्दल सांगायला लागले. तिने मध्येच तोडलं.

"कारण नको. वेळ सांग."

माझं वाक्य, माझ्याच सुरात. दोन वर्षं मीच घोटून घेतलेलं. शाळेत दोनला पोहोचायचं ठरलं होतं, मी दोनच सांगितलं आणि वेग थोडा वाढवला. पन्नासाव्या किलोमीटरला पाण्याच्या टाकीपाशी रस्ता रुंद होतो. तिथे माल लादून निघालेला प्रत्येक ट्रक थांबतो. तासाभराच्या हादऱ्यांनी माल बसतो, माल बसला की पट्टे सैल पडतात, म्हणून उतरून आवळायचे. शिकवणीत हे चारदा सांगितलं होतं. पण ऑफिसातल्या खुर्चीत मी एकोणीस वर्षं त्याला चहाचं निमित्तच समजत आले होते. टाकी आली. दोन ट्रक उभे होते. मी त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला, की पंधरा मिनिटं वाचली. हंकाकांनी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

चाळीस किलोमीटर पुढे, डोंगराच्या वळणावर, मागून आवाज आला. फट, फट, फट. आरशात ताडपत्रीचा कोपरा उठत होता आणि एका पट्ट्याचं टोक तिच्यावर आपटत होतं. पुढे उतार होता, तीन वळणांचा. नकाशावर मी तो हजारदा पाहिला होता. अलीकडे एक छोटी मोकळी जागा होती. थांबले तर दोन वाजता पोहोचणं गेलं, आणि मला वाटत होतं की त्याबरोबर नोकरीही गेली. न थांबता उतार काढला तर कदाचित काहीच होणार नव्हतं. कदाचित. मी दिवे लावले, गाडी बाजूला घेतली आणि उतरले.

आठांपैकी तीन पट्टे ढिले. बाकांची एक चळत वीतभर कलली होती. रस्त्याच्या बाजूला. खालून शाळेची एक बस चढत येत होती, पोरांनी भरलेली, ती माझ्या शेजारून गेली आणि पोरांनी मला हात केला. मीही हात केला. मग मी स्वतःला अशा काही शिव्या दिल्या की तशा मी कुठल्या ड्रायव्हरलाही कधी दिल्या नसतील.

ताडपत्री अर्धी सोडली. वर चढून कललेली चळत एकेक बाक करून सरळ केली. पट्टे परत टाकले, आवळायच्या लोखंडी दांड्यावर सगळा भार देऊन आवळले. आठही. हंकाका हात मागे बांधून उभे होते. मदत केली नाही, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. माझं झाल्यावर ते ट्रेलरभोवती फिरले आणि प्रत्येक पट्टा बोटाने ओढून पाहिला. म्हणाले, "हं." पन्नास मिनिटं गेली होती.

केबिनमध्ये फोन वाजतच होता. घेतला. नणंदेला म्हटलं, उशीर होणार, तीन वाजतील. तिने विचारलं, गर्दी लागली का? किती सोपं होतं हो म्हणणं. मी म्हटलं, "नाही. पन्नासाव्याला थांबायला हवं होतं, मी थांबले नाही. माल हलला. चूक माझी. तसंच लिही." "तसंच?" तिने दोनदा विचारलं. तिला मी असं कधी शिकवलंच नव्हतं.

गाडी सुरू करायच्या आधी मी हंकाकांकडे वळले. म्हटलं, "काका, अकरा वर्षांपूर्वी तुमच्या कागदावर मी एक शेरा मारला होता. तो चुकला. मला माफ करा."

ते काचेतून बाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी मागे आरसे लादले होते. एकही फुटला नाही."

बस, इतकंच. उतार मी खालच्या गिअरमध्ये, ब्रेक जपत, मुंगीच्या पावलांनी उतरवला. खाली दरी, दरीत नदी, आणि नदीवर तो अरुंद पूल, जो माझ्या नकाशावर पेन्सिलच्या रेघेएवढा होता. खरा पूल हिरवा होता. हिरवा. एकोणीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला सांगूच दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला ओरडावंसंही वाटत होतं, म्हणून मी हॉर्न वाजवला. हंकाका दचकले.

पूल ओलांडून अर्धा तास झाला आणि मी आकडा पाहिला. पट्टे परत बांधल्यापासून पन्नास किलोमीटर. आधीच तासभर उशीर. हंकाका गप्प. फोन गप्प. पण नव्याने रचलेला माल नव्याने बसतो. मी गाडी बाजूला घेतली. उतरले, आठही पट्टे पाहिले. दोन जरासे ढिले होते, बोटभरच. आवळले. वर आले तेव्हा हंकाका आरशात बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, हं.

शाळेत पोहोचायला सव्वातीन वाजले. मुख्याध्यापिका गेटवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी जे सुनावलं ते मी फोनवर एकोणीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं, त्यामुळे मी निमूट ऐकून घेतलं. गेट अरुंद, आत रिव्हर्स घ्यायचं. मी दोनदा उतरून बघितलं. शिपाई हसला. हसू दे. एकही शंकू आडवा झाला नाही, कारण शंकू नव्हतेच, पण भिंतीलाही धक्का लागला नाही. दोनशे चाळीस बाकं उतरली. एकालाही ओरखडा नव्हता. मुख्याध्यापिकांनी एका बाकावर बसून पाहिलं आणि सही केली.

इथून पुढे दीडशे किलोमीटरवर दुसरा माल भरायचा होता. ऊन कलायला लागलं होतं. मी सीटवर बसून वाट बघत होते, की हंकाका आता चावी मागतील. उशीर झालाच होता. विषय संपला असं मी मनाशी धरून चालले होते, आणि नवऱ्याला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते.

हंकाका चढले. दार लावलं. सीटवर बसून वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून सीटखाली शेजारी शेजारी ठेवले. मग माझ्या मागे गेले, बिछान्यावर आडवे झाले आणि पडदा ओढला.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काका," मी हळूच विचारलं, "पुढे वळण कुठलं?"

"पाटी आहे," पडद्यामागून आलं.

गाडी मी इतकी अलगद काढली की शिपायालाही ती हलल्याचं कळलं नसेल. हमरस्त्याला लागले. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, आणि टाचणीने कधीच न दाखवलेलं आभाळ. दहाव्या किलोमीटरला मागून घोरणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, तीन दिवसांचं साठलेलं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. मला गाणं म्हणायचं होतं, टाळ्या पिटायच्या होत्या, खिडकीबाहेर डोकं काढून समोरच्या गाड्यांना सांगायचं होतं. त्यातलं काहीच केलं नाही, कारण करता येत नव्हतं.

फोन वाजला. मी झटकन बटण दाबलं.

"वहिनी, कुठे पोहोचलीस?" नणंदेने नेहमीच्या जोरात विचारलं. "आणि हंकाका काय म्हणाले?"

"हळू बोल," मी म्हटलं. "गाडीत माणूस झोपलाय."