पहिल्या ओळीपुरतं

...बाण कशाकडेच दाखवत नव्हता. छापलेल्या ओळीखाली वर टोक केलेला एक बारीक बाण, आणि त्याच्या टोकावर कोरी जागा. सयाजीनं कागद खिडकीकडे धरला. शाई फिकी नव्हती. तिथं अक्षरच नव्हतं. चूक होती ती सात घरं डावीकडे, आणि बाण मात्र...

"दिसलं न्हवं?" ख्वाजा म्हणाला. "का माझा चष्मा देऊ?"

ख्वाजा मुल्ला गडहिंग्लजच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला आला होता, बगलेत कागदांचं भेंडोळं घेऊन, आणि आल्या आल्या त्यानं ते सयाजीच्या टेबलावर उलगडलं होतं.

"आन् ह्यो सल्ला बघा. वर्गातल्या एका पोरीचा प्रोग्रामात कंस मिटायचा राहिलाय. पहिली ओळ म्हणती, कंसात चूक. बरोबर हाय. खाली सल्ला काय? 'शेवटी अर्धविराम द्या.' दिला तिनं. परत तेच. परत दिला. एकोणीस अर्धविराम दिलेत साहेब, एका ओळीला! म्हटलं, बाई थांब आता, दुसऱ्यांस्नी ऱ्हाऊ देत जरा."

"आमची तपासणी रोज होते ख्वाजाभाई. आज सकाळीही झाली. दोनशे बारापैकी दोनशे बारा बरोबर."

"मग ह्यो कागद काय मी घरात छापला?"

कागद खरा होता. आणि दोनशे बारा हा आकडाही खरा होता, सकाळी साडेआठला सयाजीनं स्वतः पाहिला होता.

सयाजीच्या तंत्रनिकेतनानं विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कंपायलर तयार केला होता – मुलांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा. मुलाची चूक झाली की तो चार ओळी छापायचा. चूक कोणती. मग मुलाची ओळ, जशीच्या तशी. तिच्याखाली बाण. आणि शेवटी, काय करावं ते. मराठीत, पण रोमन अक्षरांत, कारण प्रिंटरला देवनागरी येत नव्हती. हे चुकांचं खातं सयाजीकडे होतं. त्यानं मुद्दाम चुकीचे असे दोनशे बारा प्रोग्राम लिहिले होते आणि प्रत्येकाशेजारी कंपायलरनं काय उत्तर द्यायला हवं ते लिहून ठेवलं होतं. रोज सकाळी यंत्र आपलं आपण सगळे प्रोग्राम कंपायलरला घालायचं, आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडायचं आणि आकडा छापायचं. मुलांच्या नव्या नव्या चुका तो वहीत टिपून घरी आणायचा तेव्हा त्याची बायको शालू म्हणायची, लोक लोणचं मुरवतात, तुम्ही चुका मुरवता...

गडहिंग्लजला कंपायलर वापरून बघायला आधीच दिला होता; सोमवारी आणखी सहा कॉलेजांना त्याच्या फ्लॉपी जायच्या होत्या. विभागप्रमुख हंबीररावांनी कालच कागद ठेवला होता: 'सर्व संदेश तपासले.' खाली सहीची जागा.

सयाजीनं ताडून पाहणारा प्रोग्राम उघडला. त्याचाच. तीन वर्षांत उघडायची वेळ आली नव्हती, आणि आता दुसऱ्या कुणाचा वाचावा तसा तो वाचत गेला. आलेल्या उत्तराची पहिली ओळ घे. लिहिलेल्या उत्तराची पहिली ओळ घे. सारख्या असल्या तर बरोबर म्हण. पुढच्या प्रोग्रामकडे जा.

बस. एवढंच.

शेजारी त्याचीच टीप होती, 'तात्पुरतं'. त्याला आठवलं. काम नवं होतं, बाण रोज एखादं घर इकडे तिकडे सरकायचा आणि तेवढ्यासाठी सकाळी चाळीस तपासण्या नापास व्हायच्या – वैताग यायचा – तेव्हा एका संध्याकाळी त्यानं ठरवलं होतं, सध्या पहिली ओळ पुरे. मधे कधीतरी कंपायलरात बदल झाला, बाण सरकला, आणि आदल्या चुकीचा सल्ला पुसायचा राहून तो पुढच्या चुकीखाली छापला जाऊ लागला. यंत्र म्हणत राहिलं, दोनशे बारा. कारण पुढच्या तीन ओळी कुणी वाचतच नव्हतं. ओळी होत्या. रोज छापल्या जात होत्या. मीच...

शालू मोठी गोष्ट आधी सांगायची नाही. तिचा स्वभावच तसा. हुपरीहून तिचा भाऊ गेल्याचा निरोप आला त्या दिवशी तो घरी पोचला तर ती म्हणाली, आज दूध नासलं. मग चहाऐवजी पाणी देताना म्हणाली, दुपारी हुपरीचा माणूस आलता. आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबून, मग तिसरं. तेव्हा लग्नाला चारच वर्षं झाली होती. तेव्हा तो भांडं हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होता, पुढचं ऐकायला. नंतर कधी सुटलं ते? एखाद्या संध्याकाळी ठरवलं असं काही नाही. कामं वाढली, कागद घरी यायला लागले, आणि पहिल्या वाक्याला 'बरं' म्हटलं की आपलं ऐकून झालं असं...

"इंगवले, सही झाली का?" हंबीरराव दारातूनच म्हणाले.

सयाजीनं त्यांना सांगितलं. उभ्या उभ्या, दोन वाक्यांत.

"आता काढताय व्हय हे? ऐन वेळेला?" हंबीरराव आत आले, ख्वाजाचे कागद उलटसुलट केले. "पहिली ओळ बरोबर हाय न्हवं? चूक हाय म्हणून कळतंय न्हवं पोरांना? मग झालं की. बाकीचं पुढच्या खेपंला."

"पोरं शेवटची ओळ वाचतात सर," ख्वाजा म्हणाला. "पहिलीला घाबरत्यात, आन् शेवटचीवर इस्वास ठेवत्यात."

"तुम्हाला कोण विचारतंय पावणं?"

"कोण न्हाय. मीच आलोय बोंबलत, पहाटेच्या गाडीनं."

हंबीररावांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "सहा प्राचार्यांना शब्द दिलाय, इंगवले. तुमच्या सहीवर. पाचपर्यंत ठरवा."

ते गेले. सयाजीनं प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या – उत्तर संपेपर्यंत वाच, प्रत्येक ओळ ताड – आणि तपासणी पुन्हा लावली. इतकं सोपं होतं. तीन वर्षांत कुठल्याही सकाळी करता आलं असतं. ख्वाजानं डबा उघडला, त्याच्यापुढे सरकवला, आणि दोघं भाकरी खात प्रिंटरचा आवाज ऐकत बसले. एका तासानं आकडा आला. दोनशे बारापैकी पंचाहत्तर बरोबर. एकशे सदतीस चूक.

"अगं आई गं," ख्वाजा म्हणाला.

सयाजीनं लांबलचक कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या संदेशापासून वाचायला लागला, चारही ओळी, खाली बोट धरून.

शालू गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही म्हणाल्या होत्या का? तो म्हणाला होता, जिना चढताना धाप लागते म्हणाली, एकदा. आक्कानं – शालूच्या थोरल्या बहिणीनं – दहाव्याला विचारलं, तेव्हाही तेच. मग आक्काच म्हणाली, सोशिक होती माझी बाई, अंगावर काढलं, बोलली न्हाई. आणि आळीतल्या बायका म्हणाल्या, व्हय, सोशिकच. सहा महिने सगळे तेच म्हणतायत आणि तो मान हलवतोय. शालू आणि सोशिक! भाजीवाल्याशी, घरमालकाशी, शाळेच्या बाईंशी भांडून येणारी ती... बोलली नाही म्हणे.

साडेतीनला ख्वाजानं पिशवी उचलली. मग घुटमळला. "वहिनींचं मला उशिरा कळलं, साहेब. आमची घरवाली बिबीजान लई हळहळली. म्हणती, कायच सांगितलं न्हाई का हो तिनं, दुखतंय खुपतंय?"

'धाप लागते म्हणाली, एकदा' – ते तयार वाक्य तोंडात आलं. सहा महिन्यांच्या वापरानं गुळगुळीत झालेलं.

"सांगितलं होतं," सयाजी म्हणाला.

ख्वाजा थांबला.

"मी सुरुवातीचं ऐकलं. पुढचं नाही ऐकलं."

ख्वाजानं पिशवी खाली ठेवली आणि परत खुर्चीवर बसला. म्हणाला, "पाचची बी गाडी हाय मला."

सहीचा कागद टेबलाच्या कडेला तसाच होता. हंबीरराव पाचला येतील, ओरडतील, आणि त्यांना सही मिळणार नाही. सोमवारचं सोमवारी. सयाजीनं पुढच्या संदेशावर बोट ठेवलं. बोट पुढे सरकेना.

...मी जेवत होतो. डाव्या हाताला कागद पसरलेले, हेच, चुकांचे. शालू भाकरी घेऊन आली. जिना चढताना धाप लागली आज, म्हणाली. मी म्हटलं, बरं, सावकाश चढत जा. ती गेली नाही. ताट भरलेलं होतं तरी उभी राहिली. आणि म्हणाली – म्हणालीच होती, मला तिचा आवाज येतोय – डाव्या हाताला मुंग्या येतात हो, कोपरापासून. मी हं म्हटलं. मान वर केली नाही. मला तिची पावलं दिसत होती, कागदाच्या कडेपलीकडे, एकावर एक ठेवलेली. ती त्यावरही गेली नाही. पुढे अजून एक वाक्य होतं. ते माझ्या कानांवरून गेलंय. सहा महिने मी त्याच्या अलीकडे येऊन परत फिरतोय, आज पहिल्यांदा इतका जवळ आलो. त्यात 'उद्या' होतं. बाकी ऐकू येत नाही, पण 'उद्या' होतं, त्या शब्दाला तिचा आवाज थोडा चढला होता, काही मागताना चढायचा तसा...

प्रिंटर थांबला होता. ख्वाजा खिडकीबाहेर बघत होता. सयाजीनं डोळे मिटले नाहीत, कागदही बाजूला केला नाही. तो मान वर करून तिथंच बसून राहिला.

उद्या काय, शालू?