कप्तानाची मांडी

सान रोके क्लब एकोणतीस वर्षांत कोपाच्या, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, शेवटच्या आठ संघांत कधी पोचला नव्हता. त्या वर्षी पोचला. सगळी वस्ती रस्त्यावर उतरून नाचत होती, आणि सेफेरिनो ओर्तेयादोच्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे आता निदान अजून दोन सामने. तो क्लबचा मालिशवाला. वय त्रेसष्ट. सकाळी उठल्यावर दोन्ही अंगठे गरम पाण्यात धरल्याशिवाय वळत नसत, पण हे त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

साखळीतले सामने कसेबसे निभावले होते. बाद फेरीने मात्र सगळ्यांची हाडं खिळखिळी केली. तिच्या पहिल्याच टप्प्यात बोलिव्हियाच्या डोंगरावर जावं लागलं. तिथे धावणं सोडाच, हॉटेलचा जिना चढतानासुद्धा पोरं कठडा धरून उभी राहायची. तिथून परतल्यावर तिसऱ्या दिवशी देशातल्या लीगचा सामना. मग उपांत्यपूर्व फेरीची पहिली लढत ब्राझीलमध्ये. दोन विमानं, मधे विमानतळाच्या खुर्च्यांवर सात तास. ती लढत एक-एक अशी सुटली. परतीची लढत घरी, असुन्सिओनला, आठ दिवसांनी होती, आणि मधल्या रविवारी पुन्हा लीग होतीच. संघात पोरं तेवीस, त्यांतली सहा लंगडत होती.

या सगळ्या सामन्यांत एकही मिनिट बाहेर न बसलेला माणूस एकच, कप्तान रुमिल्दो. पस्तीस वर्षांचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. बचावाच्या मधोमध उभा राहायचा आणि हाताच्या इशाऱ्यांवर सगळ्यांना हलवायचा.

मंगळवारी, सामन्याला दोन दिवस असताना, सराव संपल्यावर तो मालिशच्या खोलीत आला. दार लावून घेतलं आणि टेबलावर पालथा पडला.

"उजवी," तो म्हणाला. "मागून. जरा आखडलीय."

सेफेरिनोने तेल लावलं आणि अंगठे गुडघ्याच्या मागून वर सरकवत नेले. मांडीच्या मध्यावर गाठ लागली. गाठीचं काही नाही, गाठी सगळ्यांनाच होतात. पण गाठीच्या जरा वर अंगठा भसकन आत गेला, पिकलेल्या पपईवर दाबावं तसा. रुमिल्दोने उशी दातांत धरली.

सेफेरिनोने हात उचलला. "हे कधी झालं?"

"काय?"

"माझ्याशी नाटक करू नकोस. कधी?"

"रविवारी. लीगमध्ये. शेवटची दहा मिनिटं राहिली होती."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की. आखडलीय म्हणालो. पाय सरळ वर उचल म्हणाला, उचलला."

"कसा उचललास?"

"आईचं नाव घेऊन."

सेफेरिनोला हसू आलं नाही. "रुमिल्दो, हे फाटलंय. थोडंच फाटलंय, पण फाटलंय. परवा खेळलास तर सगळंच फाटेल."

रुमिल्दो उठून बसला. टेबलाच्या कडेला पाय सोडून त्याने तेलकट मांडीकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाची असावी तसं.

"काका, सतरा वर्षं मी या क्लबात आहे. ब्राझीलवाले आपल्या घरी येतायत. घरच्या मैदानावर. आणि मी काय कोट घालून बाकावर बसू? डिसेंबरात करार संपला की मला कोण घेणार आहे? ही मांडी मी कुणासाठी जपून ठेवू?"

"पुढे चालायला लागेल ना."

"चालायपुरती राहील." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्ही फक्त गप्प राहा. कुणी विचारलं तर आखडलीय म्हणा. माझ्यासाठी एवढं करा."

सेफेरिनो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने मांडीवर बर्फ ठेवला, वरून पट्टी गुंडाळली. रुमिल्दोने त्याचा हो असा अर्थ घेतला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि होईल तितकं सरळ चालत बाहेर पडला.

बुधवारी उत्तरेचा वारा सुटला. असला गरम वारा सुटला की या शहरात माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. प्रशिक्षक क्वालिया मैदानाच्या कडेला आंब्याखाली एकटाच बसला होता. तो उरुग्वेचा. एवढ्या उकाड्यातही थर्मासातून वाफाळता माते, म्हणजे कडवट पाल्याचा चहा, प्यायचा, आणि तोच बर्फ घालून तेरेरे म्हणून पिणारा सगळा क्लब त्याला त्यावरून हसायचा. आज त्याची दाढी वाढलेली होती आणि डोळे खोल गेले होते.

"सेफेरिनो, इकडे या. बसा." त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "कप्तानाचं काय?"

आखडलीय, सर. एवढंच म्हणायचं होतं. आदल्या रात्रीपासून सेफेरिनोने ते मनात घोकलं होतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. पुढचे चार प्रश्न येतील, त्यांचीही उत्तरं तयार ठेवावी लागतील, चेहरा सांभाळावा लागेल. त्या वाऱ्यात त्याला ते होईना.

"फाटलंय, सर. मांडीचा मागचा स्नायू. नखाएवढं असेल. कुणाला सांगू नका म्हणालाय तो."

क्वालियाने माते संपवला. पुन्हा पाणी ओतलं. मग विचारलं, "किती मिनिटं काढेल?"

सेफेरिनोला वाटलं, आपण नीट बोललो नाही. "सर, मी म्हणतोय की..."

"ऐकलं मी. किती मिनिटं?"

"एक. नाहीतर नव्वद. ते कुणालाच सांगता येणार नाही."

"बरं, मग मला सांगा, त्याच्या जागी कोण आहे माझ्याकडे? एकावर बंदी. दुसऱ्याचा घोटा प्लास्टरमध्ये. उरला तो एक, त्याने जन्मात एक कॉर्नर डोक्याने परतवलेला नाही. त्याला उभा करू ब्राझीलवाल्यांपुढे?" क्वालियाचा आवाज चढला आणि तसाच मधेच बसला. "तीन आठवडे मी धड झोपलेलो नाही, सेफेरिनो. तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. आखडलीय म्हणालात. कळलं?"

"पण मी तसं म्हणालो नाही, सर."

"नाही म्हणालात. ठाऊक आहे मला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "जा. घरी जा आणि जेवा काहीतरी."

घरी देलियाने ताट वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. खरं बोललो."

"मग?"

"मग काही नाही."

त्याने उकडलेल्या मांदियोका कंदाचा एक तुकडा खाल्ला आणि ताट सारलं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला सामना होता. चारपासूनच मैदान भरलं होतं. आतल्या खोलीत सेफेरिनोने रुमिल्दोची मांडी बांधली. इतकी घट्ट, की पट्टीच्या वर कातडी फुगून आली. क्वालिया दारातून आत डोकावला, "ठीक?" म्हणाला. रुमिल्दो म्हणाला, "एकदम ठीक, सर." क्वालियाने मान डोलावली आणि गेला. सेफेरिनो खाली वाकून कात्री शोधत राहिला. कात्री त्याच्या खिशातच होती.

रुमिल्दो त्या दिवशी पायांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त खेळला. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखून तिथे जाऊन उभा राहायचा, म्हणजे धावायला नको. लोकांना वाटलं, काय शांत खेळतोय कप्तान! अडतिसाव्या मिनिटाला सान रोकेच्या डाव्या बाजूच्या पोराने दोघांना चकवून गोल केला. मैदान असं गरजलं की राखीव बाकाखालची जमीन हादरली. सेफेरिनोने गोल पाहिलाच नाही. तो एका मांडीकडे बघत होता.

उत्तरार्धात ब्राझीलवाले अंगावरच आले. सान रोकेची पोरं एकेक करून पोटऱ्या धरून खाली बसायला लागली. पंच्याहत्तराव्या मिनिटापर्यंत बदलीचे पाचही खेळाडू वापरून झाले. आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला बचावाच्या मागे लांब चेंडू पडला. ब्राझीलवाल्यांचा सगळ्यात वेगवान पोरगा त्यावर सुटला, आणि गोलरक्षक व तो यांच्यामध्ये एकटा रुमिल्दो.

सामन्यात पहिल्यांदाच तो जीव तोडून धावला. पाचव्या पावलाला सेफेरिनोने डोळे मिटले, कारण ते पाऊल चुकीचं पडलं होतं. उघडले तेव्हा रुमिल्दो घसरत जाऊन चेंडू रेषेबाहेर ढकलत होता. लोक उठून टाळ्या वाजवत होते. तो मात्र उठला नाही.

सेफेरिनो आणि डॉक्टर धावत गेले. पट्टीखाली स्नायू आक्रसून वर गोळा झाला होता, मुठीएवढा. त्याच्या खाली काहीच नव्हतं.

"गेला?" रुमिल्दोने विचारलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"गेला."

"बदली?"

"संपल्या."

"मग उभा करा मला."

डॉक्टर नको नको म्हणत होता. रुमिल्दोने सेफेरिनोच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि उठला. रेषेबाहेर जाऊन पंचाच्या इशाऱ्याची वाट पाहिली, आणि आत आल्यावर लंगडत थेट पलीकडे गेला, ब्राझीलवाल्यांच्या गोलपाशी. तिथे नुसता उभा राहिला. त्यांचा एक बचावपटू, न जाणो, म्हणून त्याच्याजवळ थांबला. एका लंगड्याने त्यांचा एक धट्टाकट्टा माणूस तिकडे अडकवून ठेवला. उरलेली नऊ मिनिटं आणि वर वाढवलेली सहा. एक फटका खांबावर आपटला, एक गोलरक्षकाच्या पोटावर. मग शिट्टी झाली.

सान रोके उपांत्य फेरीत.

पलीकडच्या खोलीत पोरं बाकांवर उभी राहून गात होती, भिंतीवर थापा मारत होती. मालिशच्या खोलीत रुमिल्दो पालथा पडला होता आणि सेफेरिनो बर्फाच्या पिशव्या बांधत होता. क्वालिया आत आला. कप्तानाच्या डोक्याचं त्याने चुंबन घेतलं, बाहीने डोळे पुसले, आणि बाहेर गेला.

"बिचारा," रुमिल्दो म्हणाला. "त्याला वाटतंय, आत्ताच झालं हे. रडायलाच आला होता, बघितलंत?" मग मान वळवून तो म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही तोंड उघडलं असतं तर हा दिवस मला दिसला नसता."

सेफेरिनो पिशवीची गाठ मारत होता. तो नुसता हूं म्हणाला असता तरी चाललं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मी उघडलं तोंड," तो म्हणाला.

"काय?"

"काल सांगितलं मी सरांना. फाटलंय म्हणून."

भिंतीपलीकडचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"मग तो काय म्हणाला?"

"किती मिनिटं काढेल, असं विचारलं."

रुमिल्दोने मान फरशीकडे वळवली. "म्हणजे मी त्याला बनवत होतो," तो म्हणाला, "आणि तो मला."

"हं."

"मघाशी दारात ठीक म्हणून विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं त्याला."

"हो."

रुमिल्दो हसायला लागला. हसताना पाय हलला तसा कळवळला, आणि तरी हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सरांना बोलावू?" सेफेरिनोने विचारलं.

"नको. जिंकलाय तो. जिंकू दे आज." त्याने तोंड उशीत घातलं. "तुम्हीही जा, काका. मला जरा एकट्याला पडू द्या."

दुसऱ्या दिवशी तपासणीत दिसलं की स्नायू पुरता तुटला आहे. शस्त्रक्रिया झाली. खेळणं संपलं, हे डॉक्टरांना वेगळं सांगावं लागलं नाही. उपांत्य फेरीत सान रोके पहिली लढत तीन-शून्य हरला, घरची एक-एक. कुणी रडलं नाही. पोरं इतकी थकली होती की शेवटच्या शिट्टीनंतर बरीचशी जिथे होती तिथेच गवतावर आडवी झाली. क्वालिया वर्ष संपायच्या आत मायदेशी निघून गेला. जाताना सेफेरिनोचा हात हातात घेऊन, "त्या बुधवारचं..." म्हणाला. सेफेरिनो म्हणाला, "राहू द्या, सर." आणि क्वालियाने खरंच राहू दिलं.

रुमिल्दोने मात्र महिनाभर फोन उचलला नाही. देलिया म्हणायची, "तूच जा." सेफेरिनो म्हणायचा, "जाऊन काय बोलू?"

मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी दारात गाडी थांबली. रुमिल्दोच्या बायकोने, मिर्ताने, त्याला उतरवलं, कुबड्या हातात दिल्या आणि "दुपारी न्यायला येते" म्हणून निघून गेली. तो ओसरीवर येऊन वेताच्या खुर्चीत बसला, पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. सेफेरिनोने तेरेरे तयार केला. दोघांनी आळीपाळीने दोन-दोन वेळा घेतला.

"रागावलो होतो तुमच्यावर," रुमिल्दो म्हणाला.

"कळलं मला."

"सांगितलंत त्याचा राग नाही. नंतर मला सांगितलंत त्याचा. नसतं सांगितलं तर जन्मभर वाटलं असतं, सगळ्यांना गुंडाळून खेळलो. बरं वाटलं असतं हो."

"असतं खरं."

"मग का सांगितलंत?"

सेफेरिनोने विचार केला. बऱ्याच रात्री त्याने हाच विचार केला होता. "तू उपकार म्हणालास. ते घेववेनात."

रुमिल्दोने पेला पुढे केला, सेफेरिनोने भरून दिला. मग बोलणं दुसरीकडे वळलं. मिर्ताच्या भावाचं गॅरेज, गुडघ्याचे व्यायाम, नवा प्रशिक्षक कोण येतोय ते. वाक्यं लांबत गेली, मधली थांबणंही लांबत गेली.

देलिया गरम चिपा, चीजचे छोटे पाव, घेऊन बाहेर आली तेव्हा दोघंही खुर्च्यांत झोपले होते. रुमिल्दोचं तोंड उघडं होतं. तिने थाळी मधल्या टेबलावर ठेवली, माश्या बसू नयेत म्हणून वर फडकं टाकलं, आणि पाऊल न वाजवता आत गेली.