माझ्या चाकांना तेल घालू नका

मी एक जुनी, घडीची लाकडी भिंत आहे. सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, अगदी मधोमध, मी उभी असते. माणसं मला पार्टिशन म्हणतात. मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण असेल आणि तुम्ही तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नसेल. माझ्याकडेही बरीच वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. तेच बरं होतं.

इंग्रजांच्या काळात ही निवडक मुलांची शाळा होती. प्रवेशपरीक्षा घेऊन फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं तेवढी वेचायची आणि बाकीच्यांना फाटकातूनच वाटेला लावायचं, अशी इथली रीत. ब्रह्मदेशच्या सागवानातून एका चिनी सुतारानं मला घडवलं. फळीला फळी बिजागऱ्यांनी जोडली, खाली पितळी चाकं बसवली. त्या सुताराचा मुलगाही परीक्षेला बसला होता. त्याला घेतलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी नवी होते, चकाकत होते, आणि परीक्षेच्या दिवसांत मला ओढून बंद केलं की माझा तोरा काही विचारू नका!

पुढे दिवस पालटले. प्रवेशपरीक्षा गेली, मुलांची संख्या रोडावली. मला घडी घालून कोपऱ्यात लोटलं गेलं. झाडू आणि मोडक्या खुर्च्या माझ्या अंगावर रेलू लागल्या. मला फार वाईट वाटायचं. मग पाच-सात वर्षांपूर्वी शेजारच्या वसाहतीतली एक साधी शाळा आमच्यात विलीन झाली आणि आमचं फाटक सगळ्यांनाच उघडं झालं. त्याच वर्षी माझं नशीब उघडलं ते नीलिमाताईंमुळे.

नीलिमाताई पुण्याच्या. नवरा हेमचंद्र आयटीत मॅनेजर, मुलगी उत्कर्षा हुशार मुलांच्या एक्सप्रेस वर्गात. पालक समितीत ताईंचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"स्मिता, आपण नाव बघून ही शाळा घेतली," हॉलमध्ये मैत्रिणीला त्या सांगत होत्या. "आता ही सरकारी ब्लॉकमधली पोरं आपल्या मुलींच्या मांडीला मांडी लावून बसणार? मी नाही खपवून घ्यायची."

मुख्याध्यापकांना त्यांनी हेच गोड इंग्रजीत सांगितलं. पार्टिशन लावलं तर गोंगाट कमी होईल, एवढंच कारण पुढे केलं. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मग ताईंनी स्वतः उभं राहून मला पॉलिश करून घेतलं, माझ्या चाकांना तेल घातलं. स्टेजच्या बाजूला, एसीत, एक्सप्रेसची मुलं बसू लागली आणि पंख्यांखाली नॉर्मलची, म्हणजे कमी मार्कांच्या वर्गातली. माझा आनंद गगनात मावेना.

माझ्या दोन फळ्यांमध्ये एक फट आहे. उत्कर्षा तिला डोळा लावून मैत्रिणींना बोलवायची, "कम, कम! झू बघा!" एकदा पलीकडे फरहाना नावाची मुलगी डबा खात होती. तिनं ते ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. खरं सांगते, मला तेव्हा गंमत वाटली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी उत्कर्षाचं गणित पार बुडालं. इथे मार्क बघून वर्ग बदलतात. नवीन वर्ष सुरू झालं तशी उत्कर्षा माझ्या पलीकडे, पंख्याखाली आली. मैत्रिणी फटीतून बघायला आल्या नाहीत. त्यांना ती आठवतसुद्धा नव्हती. फरहानानं मात्र आपली बॅग उचलली आणि तिला बसायला जागा करून दिली.

मग शाळेत दिवाळीचा कार्यक्रम आला. आदल्या दिवशी मायलेकी हॉलमध्ये रांगोळी काढत होत्या.

"आई, उद्या हे पार्टिशन उघडायला सांगशील? फक्त उद्या. तुझं ऐकतात सगळे."

"बघू," नीलिमाताई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अलीकडे ताईंच्या हातच्या करंज्या फिरत होत्या, पलीकडे पाकिटातली बिस्किटं. उत्कर्षा नवा ड्रेस घालून माझ्यालगत उभी होती. मी आत्ता उघडेन, मग उघडेन, अशी वाट बघत होती.

"उत्कर्षा दिसत नाही गं कुठे?" स्मितानं विचारलं.

"ताप आलाय तिला," नीलिमाताई म्हणाल्या. "घरीच झोपलीय."

बोलताना त्यांनी पाठ मला टेकली होती. त्याच फळीला पलीकडून लेकीचा कान लागलेला होता. तो कान हळूच दूर झालेला मला कळला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी शरम वाटली, आणि मला साधं करकरताही येईना.

"युअर मदर, राइट?" फरहानानं विचारलं. उत्कर्षानं खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि एकेक टिश्यू त्या फटीत गच्च कोंबला.

कार्यक्रम संपला, स्मिता आणि बाकीच्या बाया गेल्या. तेव्हा कुठे ताईंनी मला हातभर सरकवलं आणि करंज्यांचा डबा पुढे केला.

"उत्कर्षा, ये पटकन. आता कुणी नाहीये."

"नो नीड, आंटी," लेक म्हणाली. "धिस साइड गॉट बिस्किट ऑलरेडी."

आणि तिनं स्वतःच्या हातानं मला पुन्हा बंद केलं. चाकांना तेल होतं, म्हणून आवाज झाला नाही. अलीकडे ताई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं म्हणून आमच्यासारख्यांनी निरोप घ्यायचा असतो. माझी राखू नका. माझी चाकं गंजू द्या. इतकी गंजू द्या, की उद्या कुणी मला बंद करायला लागलं, तर सगळ्या हॉलला ऐकू गेलं पाहिजे.