मी खुणा का करत होतो

मित्रांनो, या घरात माझ्याहून म्हातारे असे फक्त एक शिवणयंत्र उरले आहे. मी ससा आहे, वय वर्षे नऊ. डोळ्यांभोवती काळी कडा होती म्हणून माझे नाव काजळ्या पडले. आता ती कडाही पांढुरकी झाली आहे आणि उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही. नाक मात्र अजून शाबूत आहे. आम्हा सशांचे सगळे सुखदुःख नाकातूनच येते.

या घरात मी बुटांच्या खोक्यातून आलो. खोक्यात माझ्यासोबत भुरी होती. मातकट रंगाची, माझ्यापेक्षा बोटभर मोठी आणि स्वभावाने भलतीच करारी. आम्हाला आणले ताईने. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. घरात ती आणि तिची आई, दोघीच. मीही त्यांना ताई आणि आईच म्हणतो. आई लोकांचे कपडे शिवते. पुढच्या खोलीत भिंतीला तिचे यंत्र, मध्ये कापड बेतायचे टेबल आणि खिडकीखाली शिवून झालेल्या कपड्यांचे गठ्ठे. टेबलाखाली आमचा संसार मांडला गेला.

पहिले तीन-चार महिने आमच्यासारखे गुणी आम्हीच. मग माझ्या अंगात काय शिरले कोण जाणे! एके सकाळी उठलो आणि वाटले, हे टेबल माझे आहे. खिडकी माझी, गठ्ठे माझे, भुरीसुद्धा माझीच. आणि हे सगळ्या जगाला कळले पाहिजे. तुम्ही माणसे दारावर नावाची पाटी लावता. आम्हाला कुठे लिहिता येते? मी टेबलाच्या पायाकडे पाठ केली, शेपटी वर केली आणि धार उडवली.

भुरीने येऊन ते हुंगले. तिच्या मते टेबल तिचे होते. तिने माझ्या खुणेवर आपली खूण केली. मला हे कसे खपणार? मी तिच्याभोवती गोल गोल पळत तिच्या अंगावरच फवारा मारला. तिने मागचा पाय असा आपटला की टेबलावरची कात्री वाजली. त्या दिवसापासून आमची जुंपली. आज भिंत, उद्या पायपुसणे, परवा ताईचे दप्तर.

आई नाकाला पदर लावून फिनेलने फरशी पुसायची. "अख्ख्या घराला वास मारतोय गं! गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल." फिनेल वाळले की मला घर परके वाटायचे. मी पुन्हा खूण करायचो. ती ओरडायची, मी घाबरायचो, आणि घाबरलो की आणखी एक खूण व्हायची.

एकदा खिडकीखाली पांढऱ्याशुभ्र कपड्यांचा गठ्ठा होता. एका नर्सबाईंचे सहा गणवेश. नव्या नोकरीवर रुजू व्हायला त्यांना ते दुसऱ्या दिवशी हवे होते. मित्रांनो, पुढचे सांगताना मला आजही लाज वाटते. सहापैकी चार गणवेश मी आणि भुरीने मिळून पिवळे केले.

आई त्या वेळी ओरडली नाही. गठ्ठा मांडीवर घेऊन ती नुसतीच बसून राहिली. ताई शाळेतून आली तेव्हा आई म्हणाली, "उद्या हे दोघं ज्याचे त्याला परत."

"आई, एक तरी ठेव ना!"

"कोणता ठेवू? तूच सांग."

ताईने माझ्याकडे पाहिले, मग भुरीकडे पाहिले. ती टेबलाखाली आमच्याजवळ येऊन बसली आणि गुडघ्यांत डोके घालून रडली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. आईने काही लपवले नाही. नर्सबाईंनी एक गणवेश उचलून हुंगला आणि हसू लागल्या. "अहो, मी काय दिवसभर अत्तरात वावरते की काय? आज दोन द्या, बाकीचे धुऊन ठेवा. पण गुन्हेगार कुठे आहेत, ते तरी दाखवा." मग वाकून आमच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "यांना परत करू नका लगेच. आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत जनावरांची डॉक्टरीण आहे. एकदा दाखवून तरी या."

डॉक्टरीणबाईंचे हात गार आणि हळुवार होते. त्या आईला म्हणाल्या, "हा खोडसाळपणा नाही. दोघं वयात आलीत. हा म्हणतो माझं घर, ती म्हणते माझं. तुम्ही फिनेल टाकून म्हणता, तुमचं कुणाचंच नाही. मग बिचारा पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतो."

आईला नको असतानाही हसू आले.

"दोघांचंही ऑपरेशन करून घ्या. नाहीतर थोड्याच दिवसांत टेबलाखाली सात-आठ पिल्लं मोजाल."

आईने कपाळाला हात लावला.

मग त्यांनी ताईला नीट समजावले. ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचे नसते. खूण केलेली जागा पाणी आणि व्हिनेगरने पुसायची. दोघांना मोठाले वेगवेगळे ट्रे द्यायचे आणि वाळलेले गवत ट्रेच्या कडेलाच ठेवायचे, कारण ससा खाता खाताच शी-शू करतो. ओरडायचे तर मुळीच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि दीड महिना दोघांना वेगळं ठेवा. ऑपरेशन झालं तरी अंगातली गरमी उतरायला तेवढा वेळ लागतोच."

ऑपरेशननंतरचा तो दीड महिना माझ्याच्याने विसरवत नाही. मी पुढच्या खोलीत आणि भुरी मागच्या. मध्ये बंद दार. दाराखाली बोटभर फट होती. मी दिवसभर त्या फटीला नाक लावून पडायचो. पहिले काही दिवस पलीकडून तिचा श्वास यायचा. मग ती यायची थांबली. सगळे टेबल माझे झाले होते, खिडकी माझी, गठ्ठे माझे. ते कुणाला सांगायचे? मी खुणा करायचो आणि त्यांच्यावर खूण करायला कोणी यायचे नाही.

रोज सकाळी आई आमच्या गोधड्यांची अदलाबदल करायची. डॉक्टरीणबाईंनीच तसे सांगितले होते, म्हणजे एकमेकांचा वास विसरणार नाही. भुरीची गोधडी मिळाली की मी तिच्यात डोके खुपसून झोपायचो.

आमची भेट घडवली ती न्हाणीघरात. तिथे आम्हा दोघांपैकी कुणाचीच पाटी नव्हती. पहिल्या दिवशी भुरीने माझ्या पाठीचे केस उपटले. दुसऱ्या दिवशी आम्ही तोंड फिरवून बसलो. पाचव्या दिवशी ती हळूच पुढे आली आणि तिने माझ्यासमोर डोके खाली टेकवले. मी तिचे कान चाटले. दाराशी बसलेली ताई पुटपुटली, "आई, ये ना लवकर!" आणि आई हातातले काम टाकून धावत आली.

खुणा एकदम थांबल्या नाहीत. कमी कमी होत गेल्या. पुढे तर आम्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी बसून गवत खाऊ लागलो. नर्सबाई आल्या की "काय म्हणतात गुन्हेगार?" असे विचारायच्या आणि आई कौतुकाने म्हणायची, "अहो, माणसांपेक्षा शहाणी झालीत."

ती वर्षे भराभर गेली. ताई मोठी झाली, शिकायला दुसऱ्या शहरात गेली. आता ती फोनमधून हाक मारते. आवाज तिचाच असतो, पण फोनला तिचा वास नसतो.

गेल्या थंडीत भुरीने खाणे सोडले. आईने डॉक्टरीणबाईंकडे तीन खेपा घातल्या, पण उपयोग झाला नाही. भुरी गेली तेव्हा आईने तिला बराच वेळ माझ्याजवळ ठेवले. मी तिचे कान चाटले. नेहमी मी थांबलो की ती मला ढुशी द्यायची. त्या दिवशी मी थांबलो, आणि काहीच झाले नाही.

दोन दिवसांनी आईने टेबलाखालचे सगळे काढून धुतले. ट्रे, गोधड्या, फरशी. तिने ते चांगल्या मनानेच केले. मी कोपरा न् कोपरा हुंगला. भुरी कुठेच नव्हती. मग इतक्या वर्षांनी मी टेबलाच्या पायाकडे पाठ केली.

आईने ताईला फोन लावला. "अगं, यानं पुन्हा सुरू केलंय. म्हातारपणी काय हे?"

ताई म्हणाली, "आई, तो तिला शोधत असेल गं."

आईने फोन ठेवला. फडके न घेताच ती माझ्याजवळ आली, गुडघे धरत खाली बसली आणि म्हणाली, "ओरडत नाही रे. घर मलाही मोठं वाटतंय." त्या दिवसापासून काज-बटणांचे काम ती दुपारी खाली बसूनच करते. मी तिच्या पावलावर हनुवटी घासतो. ही पण आमची खूणच, पण हिचा माणसांना वास येत नाही. त्यामुळे मी तिच्यावर माझी पाटी लावली आहे, हे तिला ठाऊकच नाही.

मित्रांनो, ससा पाळायचा असेल तर एकटा आणू नका. दोघांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. घर घाण केले म्हणून ओरडण्याआधी तो काय सांगतो आहे ते विचारा. आणि जोडीतला एक गेला, तर दुसऱ्याजवळ खाली जमिनीवर येऊन बसा. तुमच्या खुर्चीपर्यंत आमचे नाक पोहोचत नाही.