मागचा पाय

माशांच्या टाकीखालच्या लोखंडी स्टँडचा मागचा पाय पुसायला धाकट्या सुनेने फडक्यासकट हात आत घातला, आणि रंगाचा अख्खा पापुद्राच तिच्या हातात आला. रंगाखाली लोखंड नव्हतंच, तपकिरी भुगा होता. तिने केसातला आकडा काढून टोचून पाहिलं. भिजल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा तो आरपार गेला.



टाकी खाऱ्या पाण्याची, माणूसभर लांबीची. तिला लागूनच सासूबाईंची खाट. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना उठता येईना, तेव्हा माशांचा तेवढाच विरंगुळा म्हणून नवऱ्याने खाट तिथे सरकवली होती. तो कामासाठी परगावी गेलेला. आणि भुगा झालेल्या त्या पायापासून सासूबाईंची उशी हाताच्या अंतरावर.

तिने स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोन लावला.

"मागचा पाय?" नवऱ्याने विचारलं. "तिथे मिठाचं पाणी ठिबकायचं. गंज दिसला होता मला, पण मी वरूनच रंग मारला. ऐक, टाकीला धक्का लावू नकोस. आधी आईला हलव. मग पंपाची, दिव्याची बटणं बंद कर आणि पाणी काढ."

"त्यांना एकटी कशी हलवू?"

"खालच्या शिंपीकाकांना बोलाव. जा लवकर."

शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट वर आले. टाकीखाली वाकून पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खाट ओढावी तर तिची एक कड स्टँडला टेकलेली. ती घासली असती तर सगळंच खाली आलं असतं. म्हणून सासूबाईंनाच अंगाखालच्या चादरीसकट उचलायचं ठरलं.

"मी काय धान्याची गोणी आहे?" सासूबाई म्हणाल्या. "काय झालंय ते तरी सांगा."

"आई, टाकी पडेलसं वाटतंय."

"मग पडू दे की. पडायची सवय या घरात मलाच आहे असं वाटलं होतं."

काकांनी डोक्याकडची टोकं धरली, धाकटीने पायांकडची. सासूबाई कण्हल्या. त्याच वेळी स्टँडमधून करकर असा आवाज आला, आणि धाकटीच्या हातातली चादर घामाने निसटायला लागली. ओठ दातांखाली दाबून तिने पकड आवळली. दाराकडे जाताना सासूबाईंची बडबड चालूच होती. काकांना टेप सांभाळायला सांगितलं, सुनेला उंबरा दाखवला, आतल्या खोलीतल्या पलंगावर टेकल्यावर गादीलाही नावं ठेवली.

मग धाकटी परत बाहेर आली. तिला जायचं नव्हतं. पण टाकी भरलेलीच पडली असती तर पाणी विजेच्या बोर्डापर्यंत गेलं असतं. तिने हात कोरडे करून बटणं बंद केली. पाणी बदलायची लांब नळी टाकीत सोडली, दुसरं टोक न्हाणीत नेऊन तोंडाने ओढलं. खारट घोट घशात गेला, डोळ्यांत पाणी आलं, पण धार लागली. काका लांबून जाळीने एकेक मासा बादलीत घेत होते.

"बाजूला ये आता, पोरी," ते म्हणाले. "उरलेलं जाईल आपोआप."

ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच स्टँडचा पाय मुडपला. टाकी तिरकी होत खाटेवर आदळली आणि काच फुटली. तळाशी उरलेलं पाणी आणि वाळू खाटभर पसरली. सगळ्यात मोठा तुकडा उशीत रुतून उभा राहिला.

आतून सासूबाईंनी हाक मारली, "धाकटे, लागलं का गं कोणाला?"

"नाही, आई."

ती आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. सासूबाईंनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"मघाशी तोंड बंद ठेवलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी रडले असते बघ."

नवरा परतला आणि नवी टाकी, नवा स्टँड आला. या वेळी त्याने लोखंड पॉलिश पेपरने घासून लखलखीत केलं, गंजरोधक लावलं, ते वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले. मीठ साचू नये म्हणून रोज गोड्या पाण्याने पुसून कोरडं करायचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं. धाकटीने एकच अट घातली: खाट समोरच्या भिंतीला.

"तिथून मासे नीट दिसत नाहीत," सासूबाई कुरकुरल्या.

"चष्मा लावा," धाकटी म्हणाली, आणि पाय भक्कम आहे ना ते पाहायला पुन्हा एकदा खाली वाकली.